‘ॲटेनबर्ग’ आणि त्याचे दोन प्रेक्षक

चित्रपट संपल्यावर प्रेक्षकांत मतभेद व्हावेत, यात नवल वाटण्याजोगे काही नाही. कथा रेंगाळली, अमुक नट कमी पडला, शेवट पटला नाही, अशा कारणांवरून होणारे मतभेद नित्याचेच असतात आणि ते लवकर विरूनही जातात. काही चित्रपटांविषयीचा वाद मात्र गुणदोषांच्या हिशेबावर थांबत नाही. एकाला जे दृश्य भावशून्य वाटते, त्याच दृश्यात दुसऱ्याला खोल जिव्हाळा जाणवतो. आणि दोघांनाही आपण पाहिले तेच समोर होते, याविषयी तिळमात्र शंका नसते. अथिना रेचल त्सांगारी या ग्रीक दिग्दर्शिकेचा ‘ॲटेनबर्ग’ (२०१०) हा चित्रपट अशांपैकी एक आहे. त्याच्याविषयीचा मतभेद समजून घेतला, तर चित्रपटातील भावना प्रेक्षकापर्यंत कशी पोहोचते, आणि कधी कधी का पोहोचत नाही, या जुन्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

सप्टेंबर २०१० मध्ये व्हेनिस येथील सदुसष्टाव्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात हा चित्रपट दाखविण्यात आला. अमेरिकन दिग्दर्शक क्वेन्टिन टॅरान्टिनो हे त्या वर्षी परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते. चित्रपटाची नायिका आरियान लाबेद हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा वोल्पी चषक मिळाला. चित्रपटातील ही तिची पहिलीच भूमिका होती. पुढील वर्षी ग्रीसने ऑस्कर पुरस्काराच्या परभाषीय चित्रपट विभागासाठी ‘ॲटेनबर्ग’चीच निवड केली, तथापि त्याला नामांकन मिळाले नाही. इतका मान मिळूनही सर्वसामान्य प्रेक्षकांत त्याचे स्वागत एकमताने झाले नाही. कोणी तो आपल्या पिढीचा सर्वांत प्रामाणिक चित्रपट मानला, तर कोणी तो अर्ध्यावर सोडून दिला.

कथा

कथानक थोडक्यात सांगता येते. मरिना ही तेवीस वर्षांची तरुणी समुद्रकाठच्या एका औद्योगिक वसाहतीत वडिलांबरोबर राहते. वडील स्पिरोस हे वास्तुविशारद आहेत आणि कर्करोगाने आजारी आहेत. आपण फार दिवस जगणार नाही हे त्यांना ठाऊक आहे आणि मुलीलाही ठाऊक आहे. मरिनाचे माणसांशी फारसे जमत नाही. शरीरसंबंधाच्या कल्पनेची तिला किळस येते. बेला ही तिची एकुलती एक मैत्रीण. मरिनाला जे काही येत नाही, ते सर्व बेलाला येते. वसाहतीत कामानिमित्त एक अभियंता येतो. त्याला मोटारीतून नेण्याआणण्याचे काम मरिनाकडे असते. ही भूमिका स्वतः प्रसिद्ध दिग्दर्शक असलेले योर्गोस लान्थिमोस यांनी केली आहे. एकीकडे वडील हळूहळू मृत्यूकडे जात आहेत आणि दुसरीकडे मुलगी प्रथमच परक्या पुरुषाच्या जवळ जात आहे, अशा दोन धाग्यांवर सारा चित्रपट विणला आहे.

येथवर ऐकणाऱ्याला ही वयात येण्याची एक परिचित कथा वाटेल. पालकाचा वियोग, पहिले प्रेम, मैत्रीतील ओढाताण हे तिचे घटक जगातील सर्व भाषांच्या चित्रपटांत आढळतात. प्रेक्षक गोंधळतो तो सांगण्याच्या रीतीमुळे. पहिल्याच दृश्यात एका पांढऱ्या भिंतीसमोर मरिना आणि बेला उभ्या आहेत आणि बेला मरिनाला चुंबन कसे घ्यावे याचा धडा देत आहे. या धड्यात शृंगाराचा लवलेश नाही. एखाद्या यंत्राची जोडणी शिकवावी, तसा तो चालतो. मग त्याचे पर्यवसान एकमेकींवर थुंकण्यात आणि शेवटी चारी पायांवर उभ्या राहिलेल्या मांजरींसारखे फिस्कारण्यात होते. कॅमेरा हलत नाही. संगीत नाही. हसावे की संकोचावे, याची कोणतीही सूचना प्रेक्षकाला मिळत नाही. ज्यांना हा चित्रपट रुचला नाही त्यांपैकी कित्येकांचे मत याच दृश्यात कायम झाले असावे. आणि ज्यांना रुचला त्यांना तो येथूनच आवडू लागला.

शीर्षकाचा अर्थ

चित्रपटाच्या नावाचा उलगडा झाला की पुष्कळशा गोष्टी सुकर होतात. डेव्हिड ॲटनबरो (जन्म १९२६) हे वन्यजीवनावरील दूरदर्शनमालांसाठी जगभर विख्यात असलेले ब्रिटिश निसर्गअभ्यासक होत. ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो यांचे ते धाकटे बंधू. मरिना त्यांच्या मालिका मोठ्या आवडीने पाहते. बेला त्यांच्या नावाचा उच्चार चुकवून ‘ॲटेनबर्ग’ असा करते, आणि तो चुकलेला उच्चारच चित्रपटाचे नाव झाला आहे.

ॲटनबरो यांच्या ‘लाइफ ऑन अर्थ’ (१९७९) या मालिकेतील एक प्रसंग फार गाजला. रवांडाच्या डोंगराळ जंगलात ते गोरिलांच्या कळपाजवळ बसलेले आहेत आणि दबक्या आवाजात प्रेक्षकांशी बोलत आहेत. तो प्रसंग मरिना आणि तिचे वडील घरी बसून पाहतात. बापलेक प्राण्यांचे आवाज काढतात, छाती बडवतात, पलंगावर उड्या मारतात. अन्य वेळी ते शब्दांचा खेळ खेळतात. एकाने शब्द उच्चारावा, दुसऱ्याने त्याच्याशी नाद जुळणारा शब्द सांगावा, आणि अर्थाची पर्वा कोणीच करू नये.

मरिना माणसांकडे कोणत्या नजरेने पाहते, हे यावरून कळते. निसर्गअभ्यासक ज्या नजरेने एखाद्या प्रजातीकडे पाहतो, त्याच नजरेने ती स्वतःच्या प्रजातीकडे पाहते. ही माणसे एकमेकांच्या तोंडाला तोंड का लावतात? ती जोडीने का हिंडतात? मरणाऱ्याजवळ बसून ती काय बोलतात? इतरांना जे न शिकता येते ते तिला निरीक्षणाने आणि सरावाने शिकावे लागते. अभियंत्याच्या सहवासातही ती आपण काय करीत आहोत याचे वर्णन मोठ्याने करीत राहते. जणू निवेदकाच्या आधाराशिवाय तिला त्या अनोळखी प्रदेशात पाऊल टाकवत नाही. येथे प्रेक्षकाला हसू येते, आणि त्याच क्षणी या मुलीला किती भीती वाटत असेल हेही उमगते.

दिग्दर्शिकेने नायिकेची ही नजर चित्रपटालाही दिली आहे. छायालेखक थिमिओस बाकाताकिस यांचा कॅमेरा पात्रांपासून अंतर राखून स्थिर उभा राहतो. पात्रे चौकटीच्या मध्यभागी, पुष्कळदा भिंतीसमोर वा काचेसमोर दिसतात. संवाद सपाट स्वरात बोलले जातात. वन्यप्राण्यांचे चित्रण करणाऱ्याने कळपात ढवळाढवळ करायची नसते. येथेही दिग्दर्शिका पात्रांच्या मनात शिरून त्यांची बाजू मांडत नाही. परिणामी प्रेक्षकाला मरिनाच्या जागी उभे राहावे लागते. समोर माणसे वावरत आहेत, परंतु त्यांच्या वागण्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी सर्वस्वी पाहणाऱ्यावर आहे. मतभेदाचे मूळ नेमके येथे आहे.

पांढऱ्या घरांचे गाव

चित्रपट जेथे घडतो ते स्थळही अर्थपूर्ण आहे. ग्रीस म्हटले की निळा समुद्र, प्राचीन मंदिरांचे खांब आणि ऑलिव्हची झाडे डोळ्यांसमोर येतात. येथे त्यांपैकी समुद्र तेवढा आहे, आणि तोही करडा. चित्रीकरण झाले ते बिओशिया प्रांतातील आस्प्रा स्पितिया या वसाहतीत. या नावाचा अर्थ ‘पांढरी घरे’ असा आहे. पार्नासस पर्वताच्या परिसरात सापडणाऱ्या बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम तयार करण्याचा मोठा कारखाना १९६० च्या दशकात फ्रेंच भांडवलाच्या साह्याने कोरिंथच्या आखातावर उभा राहिला. त्याच्या कामगारांसाठी व अधिकाऱ्यांसाठी ही वसाहत बांधण्यात आली. तिचा आराखडा कॉन्स्टँटिनोस डॉक्सियाडिस (१९१३–१९७५) या नगररचनाकारांनी तयार केला होता. पाकिस्तानची राजधानी इस्लामाबाद हिची आखणी करणारे ते हेच.

भारतीय वाचकाला अशा वसाहतींची कल्पना सहज येईल. भिलाई, राउरकेला यांसारखी पोलाद कारखान्यांभोवती वसलेली नगरे साधारण त्याच काळात आणि तशाच आशेने उभी राहिली. सरळ रस्ते, एकसारखी घरे, सर्वांसाठी शाळा व दवाखाना, आणि शेतीप्रधान समाजाला एका पिढीत यंत्रयुगात नेण्याचा निर्धार, ही त्या काळाची भाषा होती. चित्रपटातील स्पिरोस हे अशी स्वप्ने पाहणाऱ्या पिढीचे प्रतिनिधी आहेत. मृत्यू समोर दिसत असताना ते आपल्या देशाचा हिशेब मांडतात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, ग्रीसने मेंढवाड्यांवरून थेट बुलडोझरवर उडी घेतली. मधली औद्योगिक घडण झालीच नाही. आणि मेंढवाड्यांवर वसाहती बांधून आपण क्रांती करीत आहोत, असा भ्रम मात्र बाळगला. त्यांना विसाव्या शतकाचा निरोप घ्यायचा आहे, आणि त्या शतकाविषयी त्यांना काडीचाही मोह उरलेला नाही.

म्हणून मरिनाचे एकाकीपण हे केवळ तिच्या स्वभावाचे वैगुण्य राहत नाही. ज्या गावाला स्वतःची परंपरा नाही, जेथे आजीने नातीला सांगावे असे काही उरले नाही, तेथे ती वाढली आहे. कसे जगावे, हे तिला दूरदर्शनवरील गोरिलांकडून आणि परदेशी गाण्यांतून शिकावे लागते. फ्रेंच गायिका फ्रान्स्वाझ आर्दी हिचे १९६२ मधील एक प्रसिद्ध गाणे या दोघी मैत्रिणी म्हणतात. आपल्या वयाची सारी मुलेमुली जोडीने हिंडतात आणि आपण मात्र एकटेच, अशी त्या गाण्याची तक्रार आहे. मरिनाला जे स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, ते त्या गाण्यात आयते सापडते.

आक्षेप आणि समर्थन

ज्या प्रेक्षकांना हा चित्रपट पटला नाही त्यांचे आक्षेप साधारणतः चार प्रकारचे आहेत, आणि त्यांपैकी एकही उडवून लावण्याजोगा नाही.

पहिला आक्षेप असा की, पात्रे माणसांसारखी बोलत नाहीत. बाप मरत आहे आणि मुलगी त्याच्याशी शरीराविषयी, निषिद्ध गोष्टींविषयी, प्रेताच्या विल्हेवाटीविषयी एखाद्या प्रबंधातील उतारे वाचावेत अशा सुरात बोलते. दुसरा आक्षेप मधूनमधून येणाऱ्या चालींविषयी आहे. कथा चालू असताना एकाएकी ती थांबते आणि मरिना व बेला घरांमधील गल्लीतून हातात हात घालून विचित्र पावले टाकीत प्रेक्षकाच्या दिशेने चालत येतात. कथेशी याचा काय संबंध, हे कोठेही सांगितलेले नाही. तिसरा आक्षेप लैंगिक विषयांतील मोकळेपणाचा आहे. वडिलांना मृत्यूपूर्वी स्त्रीसहवास लाभावा म्हणून मरिना बेलालाच गळ घालते. अशा प्रसंगी धक्का देण्यापलीकडे दिग्दर्शिकेचा हेतू काय, असा प्रश्न काहींना पडतो. चौथा आक्षेप असा की, ही विक्षिप्तता उसनी आहे; एक वर्ष आधी लान्थिमोस यांचा ‘डॉगटूथ’ गाजला आणि त्याच साच्यातून हा दुसरा चित्रपट काढला.

समर्थकांची उत्तरेही ऐकण्यासारखी आहेत. सपाट बोलण्याविषयी ते म्हणतात की, दुःखाच्या प्रसंगी माणसे नाटकातल्यासारखी बोलतात हाच मुळी चित्रपटांनी रूढ केलेला समज आहे. रुग्णालयाच्या खोलीत पुष्कळदा कागदपत्रांविषयी, जेवणाविषयी, घरच्या किल्ल्यांविषयी बोलले जाते, आणि सांगायचे ते राहूनच जाते. चालींविषयी त्यांचे म्हणणे असे की, मरिनाला शब्दांनी जे जमत नाही ते तिच्या देहाला त्या गल्लीत जमते. बेलाची भूमिका करणारी एव्हांगेलिया रांदू ही मूळची नर्तकी आहे, हेही लक्षात घ्यावे. दोघींची पावले जुळतात, चुकतात, पुन्हा जुळतात. मैत्री म्हणजे काय हे तेथे प्रत्यक्ष दिसते. बेलाच्या प्रसंगाविषयी ते म्हणतात की, ज्या मुलीला शारीर जवळीक भयंकर वाटते, तिने ती वडिलांना भेट म्हणून द्यावी, यात तिची माया दिसते. जे आपल्याला उमगत नाही तेही वडिलांना हवे असेल, एवढे समजण्यापर्यंत ती पोहोचली आहे.

चौथ्या आक्षेपाचा विचार जरा सविस्तर केला पाहिजे, कारण तो एका चित्रपटापुरता मर्यादित नाही.

‘विक्षिप्त लाट’

ग्रीक चित्रपटाचे नाव जगात दीर्घकाळ थिओ अँजेलोपोलोस (१९३५–२०१२) यांच्याशी जोडलेले होते. ‘द ट्रॅव्हलिंग प्लेअर्स’ (१९७५) सारख्या जवळजवळ चार तासांच्या चित्रपटात त्यांनी देशाचा इतिहास संथ, लांबलचक दृश्यांतून उभा केला. १९९८ मध्ये ‘इटर्निटी अँड अ डे’ या त्यांच्या चित्रपटाला कान महोत्सवातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यानंतरची पिढी इतिहासाच्या मोकळ्या पटावरून घराच्या चार भिंतींत आली. लान्थिमोस यांच्या ‘डॉगटूथ’मध्ये (२००९) एक जोडपे आपल्या वाढत्या वयाच्या तीन अपत्यांना आवाराबाहेर पाऊल टाकू देत नाही आणि त्यांना शब्दांचे खोटे अर्थ शिकविते. या चित्रपटाला कान येथे ‘अं सर्तँ रगार’ विभागाचा पुरस्कार मिळाला आणि पुढे ऑस्करचे नामांकनही लाभले.

या दोन चित्रपटांत साम्य आहे आणि त्याचे कारणही उघड आहे. दोहोंचे छायालेखन बाकाताकिस यांचेच. ‘डॉगटूथ’च्या निर्मितीत त्सांगारी यांचा सहभाग होता, तर ‘ॲटेनबर्ग’मध्ये लान्थिमोस यांनी अभिनय केला. थोड्या पैशांत, एकमेकांच्या मदतीने चित्रपट काढणाऱ्या मित्रमंडळींचे हे काम होते. २०११ मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’ दैनिकाने या चित्रपटांचा उल्लेख करून ग्रीक चित्रपटातील ‘विक्षिप्त लाट’ असा शब्दप्रयोग केला आणि तो रूढ झाला. ज्यांच्यासाठी तो वापरला गेला त्यांपैकी अनेकांना तो मान्य नव्हता. त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. एकदा ‘विक्षिप्त’ अशी चिठ्ठी लागली की प्रेक्षक विक्षिप्तपणाच शोधू लागतो. तो सापडला की एकजण खूश होतो, दुसरा कंटाळतो, आणि चित्रपट कशाविषयी आहे हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

आर्थिक संकटाचा संदर्भही असाच जपून वापरला पाहिजे. मे २०१० मध्ये ग्रीसला दिवाळखोरीतून वाचविण्यासाठी ११० अब्ज युरोंच्या कर्जाचा करार झाला, आणि चारच महिन्यांनी ‘ॲटेनबर्ग’ व्हेनिसमध्ये दाखविला गेला. साहजिकच परदेशी समीक्षकांनी मरणासन्न पित्यामध्ये कर्जबाजारी देश पाहिला. परंतु चित्रपटाची कल्पना, लेखन व चित्रीकरण हे चार महिन्यांत होत नसते. देशाच्या पडझडीची जाणीव त्यात आहे हे खरे. पण ती संकटाच्या आधीपासूनची आहे. स्पिरोस ज्या अपयशाविषयी बोलतात ते कित्येक दशकांचे आहे. चित्रपटाला केवळ रूपक ठरविल्याने मरिनाचे स्वतःचे दुःख बाजूला पडते, आणि तेच तर चित्रपटाचे मर्म आहे.

उसनेपणाचा आक्षेप या पार्श्वभूमीवर तपासला, तर एक महत्त्वाचा फरक दिसतो. ‘डॉगटूथ’मधील पिता मुलांना खोटी भाषा शिकवून कोंडून ठेवतो. ‘ॲटेनबर्ग’मधील पिता मुलीबरोबर भाषेचा खेळ खेळतो आणि तिला जगात सोडून देण्याची घाई करतो, कारण त्याच्याजवळ वेळ उरलेला नाही. एका चित्रपटात घर हा तुरुंग आहे, तर दुसऱ्यात तो एक आसरा आहे आणि तोच आता नाहीसा होणार आहे. बाह्य रीत सारखी असली तरी आतील ओढ उलट दिशेची आहे.

दहनाचा प्रश्न

चित्रपटातील एका प्रसंगमालिकेकडे भारतीय प्रेक्षकाचे लक्ष विशेष जाईल, परंतु तिच्यातील अडचण त्याला समजावून सांगावी लागेल. आपल्या देहाचे दहन व्हावे आणि राख समुद्रात सोडावी, अशी स्पिरोस यांची इच्छा आहे. भारतातील बहुसंख्य लोकांना यात काहीच विशेष वाटणार नाही. ग्रीसमध्ये मात्र ही गोष्ट जवळजवळ अशक्य होती. तेथील ऑर्थोडॉक्स चर्चचा दहनाला तीव्र विरोध होता. २००६ मध्ये कायद्याने दहनाला मुभा मिळाली, तरी देशात एकही शवदाहिनी नव्हती. पहिली शवदाहिनी अथेन्सच्या उत्तरेस रित्सोना येथे २०१९ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत ज्यांना दहन हवे असे, त्यांच्या नातेवाइकांना मृतदेह परदेशी पाठवून राख परत आणावी लागे.

मरिनालाही तेच करावे लागते. अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्याबरोबर बसून ती खर्च, वाहतूक, कागदपत्रे यांची चर्चा करते. येथे रडणे नाही, आठवणी नाहीत, पार्श्वसंगीत नाही. माल पाठवावा तशी पित्याच्या देहाची व्यवस्था लागते. विरोधी मताच्या प्रेक्षकाला ही कोरडेपणाची परिसीमा वाटते. परंतु जो समाज दहनाला स्थानच देत नाही, त्या समाजाजवळ या मुलीला देण्यासाठी कोणता विधी होता? कोणत्या मंत्रांनी, कोणत्या सुतकाने, कोणत्या शेजाऱ्यांच्या सोबतीने तिचे दुःख सावरले गेले असते? तिच्या वाट्याला आला तो एक अर्ज आणि एक देयक. तो अर्ज ती नीट भरते. पित्याची शेवटची इच्छा पार पाडण्याचा तेवढाच मार्ग तिला मोकळा आहे, आणि तो ती अखेरपर्यंत चालते. पुढे दोघी मैत्रिणी नावेतून जाऊन राख समुद्रात सोडतात. अखेरच्या दृश्यात कारखान्याच्या परिसरातील तांबडा चिखल आणि त्यातून ये-जा करणारी वाहने दिसत राहतात. स्पिरोस ज्या शतकाचा निरोप घेऊन गेले, त्याचे काम त्यांच्यामागे चालूच आहे.

एक जुने उदाहरण

शोकाच्या परिचित खुणा न दिसल्यामुळे प्रेक्षक बिथरल्याचे उदाहरण भारतीय चित्रपटाच्या इतिहासातही आहे. सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ (१९५६) हा ‘पथेर पांचाली’चा पुढील भाग. त्यात अपू शिक्षणासाठी कलकत्त्याला जातो, शहरात रमतो, आणि गावी एकट्या पडलेल्या आईपासून दुरावत जातो. आई मरण पावते. अपू रडतो, परंतु तो गावात फार काळ थांबत नाही. क्रियाकर्म कलकत्त्यालाच करू, असे सांगून तो परत निघतो. ज्या कादंबरीवर हा भाग बेतला, तीत विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांनी आणखी पुढे जाऊन लिहिले होते की, आईच्या मृत्यूची वार्ता ऐकताच अपूला प्रथम एक प्रकारची मोकळीक जाणवली. ‘अपराजितो’ बंगालमध्ये चालला नाही. आई व मुलगा यांच्या नात्याचे हे चित्र प्रेक्षकांना रुचले नाही, असे स्वतः राय यांनी नमूद केले आहे. याच चित्रपटाला १९५७ मध्ये व्हेनिस येथे सुवर्णसिंह मिळाला.

दोन्ही चित्रपटांची जात अगदी निराळी आहे. राय यांची सहृदयता प्रत्येक चौकटीत उघड दिसते. त्सांगारी ती दडवून ठेवतात. तरीही प्रेक्षकांच्या अस्वस्थतेचे कारण जवळचे आहे. अपत्याने पित्यासाठी वा मातेसाठी कसा शोक करावा, याविषयी प्रत्येक समाजाच्या मनात एक ठरीव प्रतिमा असते. पडद्यावरील अपत्य त्या प्रतिमेप्रमाणे वागले नाही, तर त्याला शोकच झाला नाही, असा निष्कर्ष प्रेक्षक काढतो. पुष्कळांच्या प्रत्यक्ष आयुष्यात मात्र शोक त्या प्रतिमेप्रमाणे येत नाही. तो उशिरा येतो, भलत्या वेळी येतो, कधी हसण्याच्या रूपाने येतो. आणि आपल्याला रडू का आले नाही, या विचाराने माणूस वर्षानुवर्षे स्वतःला दोषी मानतो. ‘ॲटेनबर्ग’विषयी जिव्हाळ्याने बोलणाऱ्या प्रेक्षकांना मरिनामध्ये बहुधा हाच अनुभव ओळखता आला असावा.

याचा अर्थ चित्रपट निर्दोष आहे असा मुळीच नाही. देशाच्या भवितव्यावरील स्पिरोस यांची भाषणे कधी कधी पात्राच्या तोंडची न वाटता लेखिकेच्या टिपणवहीतील वाटतात. इतरत्र काहीही न समजावणारा चित्रपट येथे मात्र जरुरीपेक्षा अधिक समजावतो. चालींची दृश्ये प्रथम ताजी वाटतात, पुढे त्यांची पुनरावृत्ती जाणवते. बेलाकडे चित्रपट मरिनाच्याच गरजेपुरता पाहतो. तिला स्वतःला काय हवे आहे, याचा शोध घेतला जात नाही. हे दोष सांगणारा प्रेक्षक अरसिक ठरत नाही, आणि कलात्मक चित्रपट कळत नाही म्हणून त्याला हिणविणे तर सर्वथा अनुचित होय. दीड तास दाराबाहेर उभे ठेवल्याची भावना ज्याला झाली, त्याचा अनुभव खोटा नाही.

दोन्ही प्रेक्षक एका गोष्टीत सहमत आहेत: हा चित्रपट पाहणाऱ्याकडून पुष्कळ काही मागतो. एकाच्या मते चित्रपटाने आपले काम प्रेक्षकावर टाकले आहे. दुसऱ्याच्या मते ते काम प्रेक्षकाचेच होते, आणि इतर चित्रपटांनी ते परस्पर उरकून त्याची सवय मोडली होती. त्यांतील कोणते मत पत्करावे, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र ते ठरविताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट आहे. रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात, घरात, कचेरीत, शेजारी न रडता बसलेली, भलतेच काही बोलणारी, कागदपत्रे जुळविणारी मरिनासारखी माणसे प्रत्येकाला केव्हा ना केव्हा भेटतात. त्यांच्या मनात काय चालले आहे, हे सांगणारे पार्श्वसंगीत तेथेही नसते. अशा माणसाला कोरडे म्हणून उठून जायचे की थोडा वेळ त्याच्याजवळ बसून पाहायचे, हे तेथेही पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते.